कोल्हापुरात हंसराज जगवायचाय? नर्सरीत जायच्या आधी हे वाचा

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातल्या कुठल्याही नर्सरीत जावा, पुढच्याच रांगेत हंसराज नावाच्या नाजूक फर्नच्या छोट्या कुंड्या मांडलेल्या असतात. काळीभोर बारीक काडी, तिच्यावर पंख्याच्या आकाराची पोपटी पानं, जरा वारं सुटलं की सगळं झाड थरथरतं. बघितलं की घ्यावंसं वाटतंच आणि लोक घेतातच. पुढं शिमग्यापर्यंत त्याचा वाळका झुबका होतो, मग ‘हे झाड आपल्याकडं येत नाही’ म्हणून त्याच कुंडीत कोरफड लावली जाते. ओळखीच्या कितीतरी घरांत मी हे बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण ते झाड बऱ्याचदा मेलेलंच नसतं.

हंसराज कोल्हापुरात येतो. चांगला येतो. माझे राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहेत, मे महिन्यातसुद्धा हिरवे असतात. फक्त आपली हवा वर्षातनं दोनदा उलटी फिरते हे लक्षात ठेवायचं. जून ते सप्टेंबर सगळीकडं ओल, आणि फेब्रुवारी ते मे दुपारची कोरडी झळ. हंसराज मारतात त्या दोनच गोष्टी, पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि उन्हाळ्यात कोरडी हवा. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच आहेत, तेवढ्या सांभाळल्या की बाकीचं झाड स्वतःचं स्वतः बघतं.

१. आधी झाड ओळखा, मग पैसे द्या

नर्सरीत ‘फर्न’ म्हणून चार-पाच वेगवेगळी झाडं विकतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

हंसराज म्हणजे ॲडिएंटम. नर्सरीतला बहुतेक वेळा मूळचा दक्षिण अमेरिकेतला असतो, कुंडीत वर्षभर हिरवा राहू शकतो. पानावर पाणी टाकलं तर पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातात, ही त्याची पक्की खूण. एक थेंब टाकून बघा दुकानातच, कोण काय म्हणत नाही.

बोस्टन फर्न लांब झुपकेदार, टांगत्या कुंडीतलं. १८९४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या झाडांमध्ये हा प्रकार पहिल्यांदा वेगळा दिसला म्हणून हे नाव. हंसराजापेक्षा दणकट आहे, एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी माफ करतं. घरात सगळे नोकरीला जात असतील आणि दिवसभर घर बंद असेल तर पहिलं फर्न म्हणून हेच घ्या असं मी सांगेन.

बर्ड्स नेस्ट म्हणजे रुंद, चकचकीत, अखंड पानांचं. तेही सोपं आहे, फक्त मधल्या खळग्यात पाणी साचवू नका.

आणि ॲस्परॅगस फर्न. हे फर्नच नाही! शतावरीच्या कुळातलं आहे, त्याला फुलं आणि फळं येतात, खऱ्या फर्नला कधीच येत नाहीत. ते ऊन सोसतं, खाली गड्डे असतात म्हणून कोरडंही सोसतं. ‘आमच्याकडं फर्न गच्चीवर उन्हात छान आहे’ असं कोणी सांगितलं तर ते बहुतेक हेच असतं, त्यांचा सल्ला हंसराजाला लावू नका.

घेताना कुंडी उचलून खालची भोकं बघा. मुळं थोडी बाहेर आली असतील तर चालतं, पण कुंडी खालून काळी, चिकट आणि वास मारत असेल तर ठेवून द्या. झाडाच्या मधोमध बोटांनी पानं बाजूला करा, तिथं वेटोळं घातलेले इवलेसे कोंब दिसले पाहिजेत, नव्या हंसराजात ते तांबूस असतात. असे कोंब असलेलं लहान झाड हे नुसत्या मोठ्या पानांच्या मोठ्या झाडापेक्षा कधीही चांगलं. मोठं झाड नर्सरीच्या ग्रीन नेटखाली, दमट हवेत फुललेलं असतं, आपल्या घरी आल्यावर त्याला जास्त धक्का बसतो.

सापळा: पन्हाळ्याच्या तटबंदीत, जुन्या विहिरींच्या आतल्या बाजूला, आंबा घाटात रस्त्याकडेच्या दरडीला पावसाळ्यात रानटी हंसराज उगवतो आणि लोक तो उपटून पिशवीत घालून आणतात. नका आणू. एक तर तो प्रकार पावसाळा संपला की स्वतःहून वाळतो आणि खाली झोपून राहतो, कुंडीत तो वाळला की तुम्ही मेला म्हणून टाकून देणार. दुसरं म्हणजे दगडाच्या फटीतनं उपटताना त्याचं मूळखोड, म्हणजे काड्या जिथनं निघतात तो आडवा भाग, तुटतंच. आणि राधानगरी-दाजीपूर हे अभयारण्य आहे, तिथनं रोप उपटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बघायला मात्र जरूर जावा. त्या रानटी हंसराजाच्या पानाचं टोक जमिनीला टेकलं की तिथंच मुळं फुटून नवीन रोप तयार होतं, असं करत करत तो दरडीवरनं पुढं चालत जातो. ते बघण्यासारखं आहे.

२. सामान काय लागतं

- चार ते पाच इंची मातीची कुंडी, खाली भोक असलेली
- त्यापेक्षा तीन-चार इंच रुंद दुसरी मातीची कुंडी किंवा पसरट मडकं (उन्हाळ्यासाठी, पुढं सांगतो)
- कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट
- पालापाचोळ्याचं कुजलेलं खत
- विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, नाहीतर जाड वाळू
- थोडं गांडूळखत
- मूठभर लाकडी कोळसा, फोडून बारीक केलेला
- लांब चोचीची झारी
- धारदार कात्री
- जुनी बादली, पावसाचं पाणी धरायला

कुंड्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात कुंभारांकडं विचारा. रंग दिलेली घेऊ नका, रंगानं मातीची छिद्रं बंद होतात आणि आपल्याला ती उघडीच पाहिजेत. माती मोकळी ठेवायला पर्लाइट (पांढरे हलके खडे) वगैरे ऑनलाइन मिळतं पण गरज नाही, विटांचे तुकडे तेच काम करतात आणि फुकट मिळतात.

३. जागा ठरवा

झाड आणायच्या आधी जागा ठरवा. आणल्यावर रोज इकडनं तिकडं हलवत बसलात तर हंसराज पानं टाकतो.

उजेड भरपूर आणि ऊन अगदी कमी, एवढंच सूत्र. पूर्वेची खिडकी असेल तर सकाळचं कोवळं ऊन चालतं, नऊ-साडेनऊनंतरचं नाही. उत्तरेची बाल्कनी सगळ्यात उत्तम. पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवायचाच असेल तर दुहेरी ग्रीन नेट आणि समोर मोठ्या पानांची झाडं, तरीही एप्रिलमध्ये आत घ्यावा लागेलच. सोपी तपासणी अशी, की दुपारी बारा वाजता त्या जागी हात धरा, सावली पडली पण कडा पुसट असल्या तर जागा बरोबर. कडा ठळक कापल्यासारखी सावली म्हणजे ऊन जास्त. सावलीच पडत नसेल तर अंधार जास्त.

पंख्याखाली ठेवू नका. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, टीपॉयवर छान दिसतो म्हणून हॉलमध्ये फॅनच्या खाली ठेवतात आणि चार दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होतात. एसीच्या झोतातही नाही, गॅसच्या शेगडीजवळही नाही. खिडकी असलेली बाथरूम मात्र हंसराजासाठी सोन्यासारखी जागा, उजेड आहे, रोज आंघोळीची वाफ आहे. माझा सगळ्यात चांगला वाढलेला तिथलाच आहे.

घरात मांजर असेल तरी काळजी नको, हंसराज आणि बोस्टन दोन्ही मांजरांना विषारी नाहीत. कुरतडून झाडाचं वाटोळं करेल तेवढंच.

४. माती, आणि इथंच बहुतेक गडबड होते

आपल्याकडं शेतातली काळी माती सहज मिळते, गावाकडनं पोत्यानं येते, आणि ऊस तिच्यात फोफावतो म्हणून कुंडीतही तीच भरली जाते. हंसराजाला काळी माती चालत नाही. ती ओली झाली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही, आणि सुकली की आकसून कुंडीच्या कडेनं फट पडते, मग वरनं घातलेलं पाणी त्या फटीतनं सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. वरनं तुम्हाला वाटतं पाणी घातलं.

हंसराजाची मुळं केसांइतकी बारीक असतात, रानात ती दगडाच्या फटीत कुजलेल्या पाल्यात वाढतात. तसंच आपल्याला करायचंय:

- कोकोपीट २ भाग
- पालापाचोळ्याचं खत १ भाग
- विटांचे तुकडे १ भाग
- गांडूळखत अर्धा भाग
- कोळसा एक मूठ

कोकोपीट विकत आणलं की आधी दोनदा धुवा. बादलीत भिजवा, फुगलं की कापडातनं पिळा, परत नवीन पाण्यात भिजवा, परत पिळा. त्याच्यात क्षार असतात आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये हंसराजाच्या पानांच्या कडा हमखास जळतात. हे कोणी नर्सरीवाला सांगत नाही.

मिश्रण बरोबर झालं का हे हातानंच कळतं. ओलं करून मुठीत दाबा, घट्ट लाडू वळला नाही पाहिजे. दाबल्यावर गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर लगेच फुटला तर एकदम बरोबर. पाणी ठिबकायला लागलं किंवा घट्ट गोळा तसाच राहिला तर विटांचे तुकडे वाढवा.

जुन्या घराच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा पडला असेल तर त्याचे दोन-चार खडे टाकले तरी चालतात. हंसराज जुन्या चुनखडीच्या भिंतींवर उगाच उगवत नाही, त्याला थोडा चुना मानवतो. बोस्टनला मात्र घालू नका, त्याला जरा आंबट माती लागते.

सापळा: साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ (प्रेसमड). आपल्याकडं ती स्वस्तात मिळते आणि शेतात चांगलीच आहे, पण कच्ची मळी कुंडीत घातली की ती तापते आणि मुळं भाजतात. नीट कुजलेली असेल तरी हंसराजाला जड पडते. ताजं शेणखत तसंच, नको.

५. कुंडी बदलणं

नर्सरीतनं आणल्या आणल्या कुंडी बदलू नका. आधी आठ-दहा दिवस ठरवलेल्या जागी तसाच राहू दे, नवीन हवेची सवय होऊ दे.

वेळ म्हणाल तर जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै सगळ्यात चांगली. पाऊस लागलेला असतो, हवा दमट असते, चूक झाली तरी झाड भरून काढतं. थंडीत आणि मार्च-एप्रिलमध्ये अजिबात नको.

आदल्या रात्री पाणी घाला. सकाळी कुंडी आडवी करून कडेनं थोपटा, झाड गोळ्यासकट बाहेर येतं, काड्या धरून ओढायचं नाही, त्या मूळखोडापासनं तुटतात. जुना गोळा मोडू नका, फक्त बाहेरची कुजकी काळी मुळं असतील तेवढी कात्रीनं काढा. जिवंत मुळंही गडद तपकिरी असतात हं, त्यामुळं रंग बघून ठरवू नका, बोटांत धरून बघा. जिवंत मूळ तारेसारखं चिवट लागतं, मेलेलं बोटांत विरघळतं.

नवीन कुंडी आधीच्यापेक्षा एकच इंच मोठी. ‘एकदाच मोठी घेऊ, परत बदलायला नको’ हा विचार इथं उलटा पडतो, कारण मुळं पोचत नाहीत त्या मातीत पाणी साचून राहतं. मातीची कुंडी आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी कुंडी मिश्रणातलं पाणी शोषून घेते.

आणि मूळखोड पुरू नका. काड्या जिथनं निघतात तो आडवा, केसाळ, तपकिरी भाग मातीच्या वरच्या पातळीला दिसत राहिला पाहिजे. तो गाडला गेला की कोंब कुजतात. सगळ्यात जास्त हंसराज इथं जातात, लावताना.

६. पाणी

‘दिवसाआड एक ग्लास’ अशा हिशोबानं हंसराज जगत नाही. पावसाळ्यात चार-पाच दिवस पाणी लागत नाही आणि एप्रिलमध्ये सकाळी घातलेलं संध्याकाळी संपलेलं असतं.

म्हणून कुंडी उचलायची सवय लावा. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचलून वजन हातात घ्या. मग रोज सकाळी उचला. हलकी लागायला लागली, वरची माती बोटाच्या पेराइतकी सुकत आली, की पाणी. पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं नाही. मनी प्लँट, जेड, कोरफड यांना ‘सुकू दे मग घाल’ चालतं, हंसराज एकदा खडखडीत सुकला की त्याची उभी पानं त्या दिवसातच कुरकुरीत होतात आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी ती पानं परत येत नाहीत.

पाणी झारीनं मातीवर, कडेनं गोल फिरवत, खालच्या भोकातनं बाहेर येईपर्यंत. दहा मिनिटांनी खालच्या बशीतलं पाणी ओतून द्या. बशीत पाणी ठेवून ‘तो लागेल तसं पिईल’ हे नको.

माती खूपच सुकून पाणी आत जात नसेल तर कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत बादलीत बुडवून ठेवा, अर्ध्या तासात खालनं पाणी वर चढतं.

आता कुठलं पाणी. हे महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं घराघरात तीन-चार प्रकारचं पाणी असतं.

पावसाचं पाणी सगळ्यात भारी. जून-जुलैत पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ देत, मग पागोळीखाली बादल्या लावा. झाकण असलेल्या कॅनमध्ये भरून अंधारात ठेवलं की बरेच दिवस पुरतं, डास होणार नाहीत एवढं मात्र बघा.

एसीतनं ठिबकणारं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

नळाचं पाणी चालतं, रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी वापरा.

बोअरचं पाणी शक्यतो नको. कोल्हापुरात उपनगरांमध्ये बऱ्याच अपार्टमेंटला बोअरच आहे, मग काय करायचं? निदान आठवड्यातनं एकदा तरी साध्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन काढा, म्हणजे साठलेले क्षार खाली निघून जातात. मातीच्या कुंडीच्या बाहेरनं पांढरा थर दिसायला लागला तर समजा क्षार वाढलेत.

आणि आरओ फिल्टरचं वेस्ट पाणी हंसराजाला कधीच घालू नका. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक ते झाडांना घालतात, भावना चांगली आहे, पण मूळ पाण्यातले क्षार त्या वेस्टमध्ये जास्त दाट झालेले असतात. त्यानं फरशी पुसा, गाडी धुवा.

७. उन्हाळा काढायचा कसा

शिवरात्रीनंतर आपल्याकडची हवा बदलते. सकाळी छान गार असतं म्हणून कळत नाही, पण दुपारी अकरा ते पाच हवा इतकी कोरडी होते की हंसराजाची पातळ पानं मुळांनी पाठवलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी सोडतात. माती ओली असूनही पान सुकतं. मग माणूस गोंधळतो, अजून पाणी घालतो, आणि मुळं कुजवून टाकतो. एप्रिलमध्ये ओल्या मातीतलं पान वाळत असेल तर पाणी वाढवू नका, हवा सुधारा.

मडक्यात कुंडी हा उपाय मी सगळ्यांना सांगतो. मोठ्या मातीच्या कुंडीच्या तळाशी दोन इंच जाड वाळू टाका, त्यावर हंसराजाची मातीची कुंडी ठेवा, आणि दोन्हीमधली जागाही वाळूनं भरा. आता रोज सकाळी पाणी त्या मधल्या वाळूत घालायचं. बाहेरच्या मातीतनं पाणी उडत राहतं, त्यामुळं कुंडी गार पडते आणि झाडाभोवती ओलसर हवा तयार होते, शिवाय आतल्या कुंडीला कडेनं थोडी थोडी ओल मिळत राहते. हवा जेवढी कोरडी तेवढं हे जास्त चांगलं चालतं, म्हणजे आपल्या एप्रिललाच हे नेमकं लागू पडतं. बाहेरच्या कुंडीलाही खाली भोक पाहिजे हं, नाहीतर वळवाच्या पावसात ती पाण्यानं भरून जाईल. आतली कुंडी प्लॅस्टिकची असेल तर यातला अर्धा फायदा जातो.

दुसरं, झाडं एकत्र ठेवा. हंसराज एकटा टेबलावर न ठेवता अळू, पीस लिली, मनी प्लँट अशा मोठ्या पानांच्या झाडांच्या मधे बसवा. त्यांच्या पानातनं सुटणारी ओल त्याला मिळते.

स्प्रे बाटलीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळीकडं ‘रोज मिस्टिंग करा’ असं सांगतात, पण फवारलेलं पाणी आपल्या उन्हाळ्यात पाच-दहा मिनिटांत उडून जातं, दिवसभराची झळ त्यानं थांबत नाही. सकाळी एकदा फवारलं तर बिघडत नाही, पण फवारतोय म्हणजे काळजी घेतोय असं समजून वरचं काम सोडू नका. आणि संध्याकाळी उशिरा, बंद खोलीत, दाट झुपक्यावर फवारलं तर आतली पानं कुजतात.

तिसरा उपाय काचेच्या बरणीचा. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना फर्न लावायची फार आवड, पण कोळशाच्या धुरानं त्यांची झाडं मरायची. १८२९ च्या सुमाराला त्यांनी एका बंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता, आणि त्या मातीत आपोआप एक फर्न आणि गवत उगवून काही वर्षं जगलं. बाटलीतली ओल दिवसा वर जायची, काचेवर जमायची आणि परत मातीत उतरायची. पुढं १८३३ मध्ये अशाच काचेच्या पेट्यांतनं त्यांनी फर्न जहाजानं ऑस्ट्रेलियाला पाठवले, ते जिवंत पोचले. आपल्या लहान हंसराजासाठीही हे चालतं. लोणच्याची मोठी काचेची बरणी किंवा जुना फिशटँक घ्या, तळाशी विटांचे तुकडे आणि कोळसा, वर आपलं मिश्रण, त्यात रोप. झाकण अर्धवट. काचेवर सकाळी थोडं धुकं आणि दुपारी साफ, असं असेल तर बरोबर. दिवसभर पाणी ओघळत असेल तर झाकण एक दिवस काढा. बरणीवर ऊन येता कामा नये, काही वेळातच आतलं झाड शिजून जातं.

वळीव येतो तेव्हा बाल्कनीतली कुंडी आत घ्या. पाऊस चांगलाच, पण सोबत वादळी वारं आणि कधी गारा असतात, हंसराजाची पानं त्यात चिंध्या होतात.

मे महिन्यात गावाला जायचं असेल तर भरपूर पाणी घालून, पाणी निथळल्यावर, कुंडी बाथरूममध्ये ठेवा आणि वरनं मोठी पारदर्शक पिशवी सैल घाला, पानाला टेकू नये म्हणून दोन काड्या खोचा. आठवडाभर सहज निघतो. त्यापेक्षा जास्त दिवस असतील तर शेजारी पाण्याची बादली ठेवून सुती दोरीचं एक टोक बादलीत आणि एक कुंडीच्या मातीत दोन इंच खोल खोचा.

८. खत

कमी. हंसराज खादाड झाड नाही. जून ते ऑक्टोबर महिन्यातनं एकदा, कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत, पाकिटावर कुंडीसाठी जेवढं लिहिलंय त्याच्या पाव भाग, तेही माती ओली असताना. ते नको असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वरनं एक मूठ गांडूळखत, मूळखोड मोकळं ठेवून. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात काहीच नाही.

गुळाचं पाणी, काकवी, साखर घातलेल्या चहाची पत्ती, ताक, हे सगळं कोणी ना कोणी सुचवतंच. कुंडीत मुंग्या होतात, माती आंबते. नको.

९. पानामागच्या तपकिरी रेघा, आणि खरी कीड

एक दिवस तुम्ही पान उलटं कराल आणि कडेला तपकिरी, दुमडलेल्या पट्ट्या दिसतील. घाबरून कीटकनाशक आणू नका! ते बीजाणू आहेत. फर्नला फूल-बी नसतं, बीजाणूंवरच त्याची पुढची पिढी चालते, आणि हंसराज ते पानाची कड आत दुमडून तिच्याखाली ठेवतो. ते आले म्हणजे झाड खूश आहे. ओळखायचं असं, की बीजाणू एका ओळीत, प्रत्येक पानावर त्याच ठिकाणी, शिस्तीत असतात. खवले कीड कुठंही, कशीही चिकटलेली असते, काडीवरसुद्धा, आणि नखानं खरवडली की निघते.

खरी कीड म्हणजे खवले, पिठ्या ढेकूण आणि पावसाळ्यात गोगलगाई. पहिल्या दोन किडी कान साफ करायच्या काडीचा कापूस ओला करून पुसून काढा, जास्त असतील तर ते पानच कापा. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन हातानं वेचा, त्या नेमके नवे कोंब खातात. फवारणी शक्यतो टाळाच. नीम तेलानंसुद्धा हंसराजाची पानं काळी पडतात, दुसऱ्या झाडाला फवारतानाही याला लांब ठेवा.

मातीवर बारीक चिलटं घोंगावत असतील तर पाणी जास्त होतंय एवढाच अर्थ.

१०. सगळा वाळला तर

आता हा भाग नीट वाचा, कारण इथं झाडं टाकून दिली जातात.

सगळी पानं तपकिरी झाली तरी मूळखोड जिवंत असू शकतं. वरची माती बाजूला करून ते बघा, नखानं हलकं दाबा. टणक लागलं, किंचित खरवडल्यावर आत हिरवट-पांढरट दिसलं, तर जिवंत आहे. मऊ, पोकळ, काळं असेल तर गेलं.

जिवंत असेल तर सगळी पानं मातीपासनं अर्धा-एक इंचावर सरळ कापून टाका. हो, सगळी. जीवावर येतं, पण वाळलेलं पान परत हिरवं होत नाही आणि नवीन कोंबांना उजेड अडवतं. मग कुंडी सावलीत, उजेडात ठेवा, पाणी आधीच्या निम्म्यानं, कारण पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण. वर पारदर्शक डबा किंवा पिशवी झाका, रोज एकदा उघडून हवा द्या. उबदार हवा असेल तर दोन-चार आठवड्यांत तांबूस वेटोळी वर येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. पहिलं पान पूर्ण उलगडेपर्यंत खत अजिबात नको, आणि कोंबाला बोट लावू नका, काळा पडतो.

मे मध्ये वाळलेला हंसराज असाच ठेवला तर जूनच्या दमट हवेत बऱ्याचदा स्वतःहून फुटतो. निदान जुलै संपेपर्यंत तरी कुंडी रिकामी करू नका.

११. एकाचे चार

वाटणी सोपी. जुलैत झाड कुंडीतनं काढा, धारदार सुरीनं मूळखोडासकट दोन किंवा तीन तुकडे करा, प्रत्येकाला निदान तीन-चार पानं आणि एखादा कोंब पाहिजे. लहान लहान कुंड्यांत लावा, पंधरा दिवस सावलीत पिशवीखाली. फार बारीक तुकडे करू नका, लोभ केला की सगळेच जातात.

बीजाणूंपासनं करायचं असेल तर संयम पाहिजे, पण मजा यातच आहे. पट्ट्या गडद तपकिरी झालेलं पान कापून कागदी पाकिटात दोन दिवस ठेवा, तळाशी धूळ दिसेल, तेच बीजाणू. विटेचा एक तुकडा दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळा, गार झाला की स्वच्छ आइस्क्रीमच्या पारदर्शक डब्यात ठेवून तळाशी उकळून गार केलेलं बोटभर पाणी घाला, विटेवर ती धूळ अगदी विरळ शिंपडा आणि झाकण लावा. उकळणं टाळलं तर शेवाळ आणि बुरशी आधी उगवते, बीजाणू मागंच राहतात. डबा उजेडात, उन्हात नाही. एक-दोन महिन्यांत विटेवर हिरवा पातळ थर येईल, मग त्यातनं नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराची चपटी पानं. हा फर्नच्या आयुष्यातला वेगळाच टप्पा आहे, इथं नर-मादी पेशी एकत्र येतात आणि त्याला पाण्याचा पातळ थर लागतोच, म्हणून आठवड्यातनं एकदा उकळून गार केलेलं पाणी हलकं फवारा. त्यानंतर पहिली खरी पानं निघायला अजून काही महिने जातात. एखाद-दोन सेंटिमीटर झाली की चिमट्यानं विटेच्या कपचीसकट उचलून वर सांगितलेल्या मिश्रणात, लहान कपात लावा. झाकण एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडं थोडं जास्त उघडत जावा, आणि हे काम पावसाळ्यातच करा. मार्चमध्ये झाकण काढलं तर एका दुपारीत सगळी रोपं जातात.